पेशीचा सांगाडा आणि जीवसृष्टीची वंशावळ

लखनौहून पूर्वेस फैजाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चिनहट नावाची वस्ती लागते. ३० जून १८५७ रोजी येथे झालेल्या लढाईत सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेला माघार घ्यावी लागली आणि त्यानंतरच लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात चिनहटचे नाव आढळते. परंतु घरोघरच्या मंडळींना ते ठाऊक झाले ते तेथील झिलईदार भांड्यांमुळे. तपकिरी व फिकट रंगांची, साध्या वेलबुट्टीने नटलेली ही भांडी म्हणजे मातीला मिळालेला आकार. कुंभार ओल्या गोळ्याला आकार देतो, भट्टी तो आकार कायम करते. मग मात्र त्यात बदल करण्याची सोय उरत नाही. भाजलेले भांडे एक तर टिकते, नाही तर फुटते.

आता त्या कुंभाराच्या बोटाकडे पाहावे. तेही आकार धारण करते, पण ते भट्टीतून निघालेले नाही. बोटातील लक्षावधी पेशी क्षणोक्षणी आपला आकार बदलतात. एक पेशी लांबते, दुसरी दुभंगून तिच्या दोन होतात, आणि जखम झाली तर शेजारच्या पेशी सरकत येऊन ती बुजवू लागतात. भाजल्यावाचून आकार टिकवायचा आणि हवा तेव्हा तो मोडून नवा करायचा, हे कोडे पेशीने कसे सोडविले असेल? आणि ते एकदाच सोडविले गेले, की प्रत्येक प्राण्याने व वनस्पतीने निरनिराळे सोडविले? वाचकहो, या सदरात आज या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ कुतूहलाचे नाही. आपल्या मुलाला शाळेत मिळणारी जंताची गोळी त्याच्या पोटातील जंतास मारते व मुलाला मात्र सहसा इजा करीत नाही, याचे कारण त्या उत्तरात दडलेले आहे.

तुळया आणि दोऱ्या

पेशी म्हणजे पातळ रसाने भरलेली पिशवी, अशी एक समजूत पुष्कळ दिवस रूढ होती. प्रबळ सूक्ष्मदर्शकांनी ती खोटी ठरविली. पेशीच्या आत तंतूंचे आणि नळ्यांचे दाट जाळे असते व त्याला पेशीचा सांगाडा म्हणतात. आपल्या हाडांच्या सांगाड्याशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे. हाडे वर्षानुवर्षे टिकतात, तर या सांगाड्याचे तंतू एका टोकाला वाढत असतानाच दुसऱ्या टोकाला उसवत असतात. लग्नाचा मांडव घालणारे लोक जसे तेच बांबू आज एका दारी व उद्या दुसऱ्या दारी उभे करतात, तसा हा प्रकार आहे.

या जाळ्यातील दोन द्रव्ये मुख्य आहेत. पहिले अ‍ॅक्टिन. हंगेरीतील सेगेद येथे आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी १९४२ साली ते स्नायूंमधून वेगळे केले. अ‍ॅक्टिनचे कण एकापुढे एक जुळून बारीक दोर वळला जातो. हा दोर पेशीच्या कडेला ताण देतो आणि तिला सरकविण्याचे काम करतो. दुसरे द्रव्य ट्युब्युलिन. त्याच्या कणांपासून पोकळ नळ्या बनतात. पेशी दुभंगताना जनुकांचा वारसा दोन्ही लेकींना सारखा वाटून देण्याचे काम या नळ्या करतात. केस, नखे व शिंगे ज्या केराटिनाची बनतात, ते सांगाड्याच्या तिसऱ्या प्रकारातील आहे, परंतु वनस्पतींत व बुरशींत त्याचा पत्ता नाही. म्हणून सर्वांची तुलना करावयाची तर पहिली दोनच द्रव्ये हाती घ्यावी लागतात.

ही दोन्ही प्रथिने आहेत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मण्यांचे प्रकार वीस, आणि अ‍ॅक्टिनच्या माळेत मणी सुमारे ३७५. कोणत्या जागी कोणता मणी आहे हे आज नेमके वाचता येते, आणि तेथूनच खऱ्या गोष्टीला आरंभ होतो.

पोथ्यांची पाठांतरे

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे आपणांस ठाऊक असेल. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पूर्णत्वास गेले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या शेकडो हस्तलिखितांतील श्लोक शेजारी शेजारी मांडून पंडितांनी पाठभेद टिपले. त्यामागील तत्त्व सोपे होते. नकलाकार नक्कल करताना कोठे तरी चुकतो, आणि पुढचा नकलाकार ती चूक तशीच उतरवून घेतो. दोन पोथ्यांत एकच विशेष पाठभेद एकाच ठिकाणी सापडला, तर त्या दोन्ही एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असाव्यात असा कयास बांधता येतो. असे पुष्कळ कयास एकत्र केले म्हणजे पोथ्यांची वंशावळ उभी राहते, आणि आज कोठेही उपलब्ध नसलेल्या मूळ पोथीचे स्वरूप ध्यानात येऊ लागते.

प्रथिनांची तुलना नेमकी अशीच चालते. पिढ्यानुपिढ्या जनुकांच्या नकला होतात, क्वचित एखादा मणी बदलतो, आणि तो बदल वंशजांत उतरतो. एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी १९६५ साली प्रतिपादन केले की, रेणू हे जीवसृष्टीच्या इतिहासाचे दस्तऐवज आहेत. लखनौतच बिरबल साहनी यांनी १९४६ साली जी पुरावनस्पतिशास्त्राची संस्था स्थापन केली, तेथे दगडांत उमटलेल्या पानांवरून व परागकणांवरून असा इतिहास वाचला जातो. परंतु पेशीतील तंतूंचा ठसा दगडात सहसा राहत नाही. या एका सांगाड्याचे अवशेष जमिनीत शोधून उपयोग नाही. त्याचे दस्तऐवज जिवंत प्राण्यांच्याच अंगात सांभाळलेले आहेत.

ते उघडून पाहिले असता काय दिसते? माणसाच्या, सशाच्या आणि कोंबडीच्या अंगातील स्नायूंचे अ‍ॅक्टिन शेजारी मांडले तर एकाही मण्याचा फरक आढळत नाही. ही तीन पोथ्यांची अक्षरशः एकच प्रत आहे. आता पिठात खमीर आणणारे यीस्ट घ्यावे. लखनौच्या भटारखान्यातील खमिरी रोटी ज्याच्यामुळे फुगते, तो हा एकपेशीय जीव. त्याचा व आपला समान पूर्वज होऊन गेल्यास शंभर कोटी वर्षांच्या आसपास काळ लोटला आहे. तरीही यीस्टच्या अ‍ॅक्टिनचे ३७५ पैकी सुमारे ३२५ मणी आपल्या स्नायूंतील अ‍ॅक्टिनशी जसेच्या तसे जुळतात! चाक फिरविणाऱ्या कुंभाराचा दंड आणि त्याच्या दुपारच्या रोटीतील खमीर यांत असे नाते आहे. मात्र यावरून माणूस यीस्टपासून झाला असे कोणी समजू नये. दोघेही एकाच प्राचीन पूर्वजाचे वंशज आहेत, इतकाच याचा अर्थ.

हे एवढे स्थिर का राहिले?

शंभर कोटी वर्षांत डोंगर झिजले, समुद्र सरकले, आणि एवढ्या अवधीत ही माळ मात्र फारशी बदलली नाही, हे नवल वाटण्याजोगे आहे. त्याचे कारण समजण्यास आगगाडीचे उदाहरण उपयोगी पडेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट ठेवले होते. पुढे वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली, त्यांच्या जागी विजेची आली. डबे बदलले, वेग बदलला, पण मोठ्या मार्गाचे ते साडेपाच फूट अंतर मात्र तसेच राहिले. ते अंतर फार उत्तम होते म्हणून नव्हे, तर प्रत्येक चाक, प्रत्येक पूल आणि प्रत्येक सांधा त्याच्यावर अवलंबून होता म्हणून.

अ‍ॅक्टिनची स्थिती तशीच आहे. पेशीतील शंभरांहून अधिक प्रथिने त्याला कोठे ना कोठे धरतात. एक त्याचा दोर तोडते, दुसरे त्याला फांद्या फोडते, तिसरे त्यावरून ओझी वाहून नेते. त्याच्या अंगावर मोकळी अशी जागा फारशी उरलेली नाही. म्हणून एक मणी बदलला की कोणते तरी काम बिघडते आणि तो जीव मागे पडतो. नकलाकाराच्या बहुतेक चुका येथे टिकतच नाहीत. ज्या थोड्या टिकतात, त्याच आपल्याला वंशावळ सांगतात.

अळंबी कोणाची सोयरी?

आपल्या शाळेत अळंबी व बुरशी यांचा समावेश दीर्घ काळ वनस्पतींत होत असे. त्या जागच्या हलत नाहीत, जमिनीतून उगवतात, मग वनस्पती नव्हेत तर काय? १९९३ साली सँड्रा बाल्डॉफ आणि जेफ्री पामर यांनी चार प्रथिनांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांपैकी तीन सांगाड्यातीलच होती: अ‍ॅक्टिन आणि ट्युब्युलिनचे दोन प्रकार. चौथे प्रथिननिर्मितीच्या कामातील होते. चारही साक्षीदारांनी एकच जबानी दिली. बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळची आहे. पावसाळ्यात बांधावर उगवलेली अळंबी शेजारच्या मेथीपेक्षा आपल्या नात्याने जवळची, असा त्याचा अर्थ होतो.

गृहिणींना व शेतकऱ्यांना या नात्याचा जाच रोजचा आहे. घरात कोणाला नायटा झाला की तो लवकर हटत नाही, याचे एक कारण हेच की बुरशीच्या पेशी आपल्या पेशींसारख्या आहेत, आणि तिला मारणारे द्रव्य आपल्यालाही बाधण्याचा संभव असतो. तरीही ज्या ठिकाणी मणी निराळे आहेत, तेथे औषधाला शिरकाव मिळतो. नायट्यावर १९५८ पासून पोटात दिले जाणारे ग्रिसिओफल्विन बुरशीच्या नळ्यांच्या कामात अडथळा आणते. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचे कार्बेन्डाझिमही बुरशीच्या ट्युब्युलिनलाच धरते.

एका मण्याचे मोल

जंतावरची अल्बेंडाझोलची गोळी याच कार्बेन्डाझिमच्या रासायनिक कुळातील आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारीस, शाळांतून व अंगणवाड्यांतून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना ती दिली जाते. हे औषध जंताच्या ट्युब्युलिनला चिकटते व नळ्या जुळू देत नाही. मग जंताच्या पेशींना अन्न शोषणे अशक्य होते आणि तो मरतो. मुलाच्या पेशींतही ट्युब्युलिन आहे आणि ते जंताच्या ट्युब्युलिनसारखेच दिसते. फरक थोड्याच जागी आहेत, पण ते मोक्याचे आहेत.

ट्युब्युलिनच्या एका प्रकारात दोनशेव्या जागी मेंढीच्या जठरातील जंतामध्ये फिनाइलअ‍ॅलनीन हा मणी असतो. माणसात तेथे टायरोसीन आहे. या दोन मण्यांत प्राणवायूच्या एका अणूचा काय तो भेद! परंतु औषधाची पकड ढिली करण्यास तो फार उपयोगी पडतो. गोळी मुलाला सोसते व जंताला सोसत नाही, यामागे अशाच बारीक फरकांचा हात आहे.

येथेच धोक्याची सूचनाही आहे. मेंढ्यांच्या कळपांना हेच औषध वारंवार व अपुऱ्या मात्रेत दिल्याने त्या जंतांतील काहींत दोनशेव्या जागी टायरोसीन आले. म्हणजे तेवढ्यापुरते जंताचे ट्युब्युलिन माणसासारखे झाले आणि औषध निष्प्रभ ठरले. भारतातील शेळ्यामेंढ्यांतही असे जंत आढळले आहेत. म्हणून मुलांची गोळी ठरल्या दिवशी व ठरलेल्या मात्रेतच द्यावी, आणि जनावरांचे औषध पशुवैद्याला विचारून द्यावे. अर्धी मात्रा देऊन केलेली काटकसर जंताला शहाणे करते.

परसातील कळलावीबद्दलही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन असते. प्राण्यांच्या ट्युब्युलिनला ते अत्यल्प मात्रेत चिकटून बसते, वनस्पतींच्या ट्युब्युलिनला मात्र कित्येक पट अधिक मात्रा लागते. त्यामुळे जे विष वेल निवांतपणे अंगात बाळगतो, ते माणसाला मारक होते. वैद्याच्या देखरेखीखाली हेच द्रव्य वातरक्तावर औषध म्हणून दिले जाते, पण कळलावीचा घरगुती प्रयोग कोणी करू नये.

काळाआजाराच्या जंतूतील निराळे अ‍ॅक्टिन

आता पुन्हा लखनौकडे वळू. १९५१ साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या जुन्या वाड्यात केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली. पुढे ती शहराच्या उत्तरेस जानकीपुरम भागातील नव्या वास्तूत गेली. या संस्थेतील अमोघ सहस्रबुद्धे, सी. एम. गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी लिश्मानिया या एकपेशीय जंतूच्या अ‍ॅक्टिनचा अभ्यास करून तो २००४ साली प्रसिद्ध केला. बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील गोरगरिबांच्या घरांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला काळाआजार हा याच जंतूमुळे होतो. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी त्याचा प्रसार करते. ताप हटत नाही, पानथरी वाढते, रक्त कमी होते, आणि उपचार न झाल्यास रोगी सहसा दगावतो.

या जंतूच्या अ‍ॅक्टिनची माळ आपल्या अ‍ॅक्टिनशी शेकडा सुमारे ७० इतकीच जुळते. यीस्टपेक्षाही हे अंतर अधिक आहे. संशोधकांनी पाहिले की, एका विषारी छत्रीतून मिळणारे फॅलॉइडिन, जे एरवी बहुतेक जीवांच्या अ‍ॅक्टिन-दोराला धरून बसते, ते या जंतूच्या अ‍ॅक्टिनला धरतच नाही. हे अ‍ॅक्टिन पेशीच्या पातळ रसातच नव्हे, तर तिच्या शेपटीत, केंद्रकात आणि जंतूच्या त्वचेखालील नळ्यांच्या पिंजऱ्यालगतही आढळले. २०२२ साली हेलसिंकी येथील संशोधकांनी त्याची घडण अधिक बारकाईने पाहिली, आणि हे दोर फार झपाट्याने जुळतात व उसवतात असे दाखविले.

या भेदावर आधारलेले औषध अजून रोग्याच्या हाती आलेले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु जंतूचे मर्म शोधावयाचे तर तो आपल्याहून कोठे वेगळा आहे हे आधी जाणले पाहिजे, आणि त्यासाठी अनेक जीवांच्या माळा शेजारी मांडण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

मूळ पोथीचा शोध

सर्व प्राणी, वनस्पती व बुरशी यांना अ‍ॅक्टिन व ट्युब्युलिन समान पूर्वजाकडून मिळाले. पण त्या पूर्वजाला ते कोठून मिळाले? जीवाणूंत असा सांगाडा नसतोच, असे अनेक वर्षे मानले जाई. १९९८ साली जीवाणूंच्या एका प्रथिनाची घडण उघड झाली. जीवाणू दुभंगताना त्याच्या कमरेला या प्रथिनाचे कडे पडते. त्याचे मणी ट्युब्युलिनशी शंभरांत वीससुद्धा जुळत नाहीत, पण दोन्ही माळांच्या घड्या एकावर एक ठेवल्या तर तंतोतंत बसतात. २००१ साली जीवाणूंमध्ये अ‍ॅक्टिनचाही असाच दूरचा भाऊ सापडला. पोथीतील शब्द बदलून गेले होते, वृत्त मात्र तेच राहिले होते.

त्यानंतर २०१५ साली नॉर्वे व ग्रीनलंड यांच्या दरम्यान समुद्रतळाच्या गाळातून आद्यजीवांचा एक नवा समूह उजेडात आला. त्यांच्या जनुकांत आपल्या अ‍ॅक्टिनशी विलक्षण साम्य असलेले अ‍ॅक्टिन होते. जपानी संशोधकांनी अशा एका जीवाची पैदास प्रयोगशाळेत करण्यासाठी बारा वर्षे खर्ची घातली आणि २०२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला लांब, फांद्याफांद्यांचे हात होते. अशाच एका भावंडाच्या हातांत अ‍ॅक्टिनचे दोर असल्याचे २०२२ साली दिसून आले. आपल्या पेशींच्या पूर्वजाने असेच हात पसरून शेजारच्या जीवाणूला जवळ ओढले असेल आणि त्या सहवासातून आजची गुंतागुंतीची पेशी जन्मली असेल, असा तर्क आहे. तो अजून तर्कच आहे, पण त्याला आता आधार मिळू लागला आहे.

पोथ्यांची तुलना करणारा पंडित प्रत्येक पाठभेद जपून ठेवतो, कारण कोणता भेद उद्या उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही. यीस्ट, अळंबी, मेंढीचा जंत, कळलावी आणि समुद्राच्या तळचा गाळ यांत वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. एका माळेचे मणी मोजता मोजता ते सारे एका घराण्यात आले, आणि त्या मोजणीतूनच जंताची गोळी आपल्या मुलाला का सोसते हेही कळले. म्हणून येत्या जंतनाशक दिनी मूल शाळेत पाठविताना त्याने गोळी नीट चावून खाल्ली की नाही, याची चौकशी अवश्य करावी. वेळ असेल तर दोनशेव्या मण्याची गोष्टही त्याला सांगावी.